गॅस नव्हे हो, रिले!

"वहिनी, ते आमरसाचं पातेलं द्या आधी इकडे, आमच्या फ्रीजमध्ये ठेवते. मग सांगा काय झालं ते."

"कॉम्प्रेसरच चालू होत नाही हो काकू. आतला दिवा लागतो. मेकॅनिक दारातूनच म्हणाला, गॅस संपलाय, भरावा लागेल."

"दारातून? डॉक्टरसुद्धा नाडी बघतात! अहो, गॅस संपला तर कॉम्प्रेसर थांबत नाही, उलट चालतच राहतो. गारवा नाही नि बिल मात्र येतं. तुमच्याचा आवाज कसला येतो?"

"मधूनच हूंऽऽ करतो, मग टक् करून गप्प. थोड्या वेळानं परत तेच."

"हां! म्हणजे वीज पोचतेय, पण मोटर उठत नाही. अगदी चिडीचूप असता तर थर्मोस्टॅटवर संशय घेतला असता. ते टक् म्हणजे ओव्हरलोड. मोटर तापली की वीज तोडतं, निवली की जोडतं. आमचा भाचा हीच कामं करतो ना, तो आधी रिले काढतो. कॉम्प्रेसरच्या कडेला खोचलेला असतो बघा. हलवला नि आत खुळखुळलं, की गेला. आत चकती असते, तिच्यामुळे मोटरला सुरुवातीचा जोर मिळतो. ती फुटली की मोटर नुसती कण्हते."

"मग मीच बघू का काढून?"

"नका हो! कपॅसिटर असेल तर प्लग काढल्यावरही झटका देतो. नि नव्या फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए गॅस असतो, तो पेट घेतो. तुम्ही फक्त व्होल्टेज बघा. संध्याकाळी आपल्या गल्लीत दिवे मिणमिणतात, तेव्हा चांगला कॉम्प्रेसरही अडतो. नि लाइट जाऊन लगेच आली, तर आतला दाब सारखा व्हायला पाचेक मिनिटं द्यावी लागतात."

"कोपऱ्यावरच्या बंगल्यात तर म्हणे अख्खा कॉम्प्रेसरच बदलला."

"आणि जुना मेकॅनिकनंच नेला! भंगार होता तर उचलायची एवढी घाई कशाला, मी म्हणते? पण त्या बाईंना विचारायची सोय नाही, लगेच तोंड फुगतं. कॉम्प्रेसर खरंच गेला की नाही, ते मीटर सांगतं. त्याच्या तीन पिना असतात. दोन-दोन पिनांमध्ये मोजलं की तीन आकडे येतात. त्यातल्या लहान दोघांची बेरीज मोठ्याएवढी आली नि बाहेरच्या पत्र्याशी कुठलीच पिन जोडलेली दिसली नाही, तर वाइंडिंग शाबूत. मग शंभर-दोनशेचा रिले बदलून बघायचा. वाइंडिंगच जळलं असेल तर मात्र इलाज नाही, मोठा खर्च आलाच."

"मग त्या मेकॅनिकला काय सांगू? चारला येतोय."

"सांगा, आधी रिले काढ, मीटर लाव, आकडे मला दाखव, मग गॅसचं बोल. नि बदललेला पार्ट ठेवून घ्या हो, तुमच्याच पैशाचा आहे."