वाडेकर यादीत नाहीत म्हणून

“ऐकलं का मास्तरीणबाई, आमच्या घरी आजा-नातवाचा अबोला सुरू हाय. अन् काहून, तं क्रिकेटच्या पायी!”

काकूंनी तुरीच्या ओल्या शेंगांची टोपली कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली. जानेवारीत आमच्या वाशिमात घरोघरी सोले निघतात, आणि सोले काढायला हात गुंतले की तोंड मोकळंच राहतं. मीही माझं ताट घेऊन भिंतीपाशी गेले. म्हटलं, काकांसारखा देवमाणूस नातवाशी अबोला धरतो म्हणजे काहीतरी मोठंच झालं असणार.

झालं ते असं. 15 जानेवारीला शाळेत राज्य क्रीडा दिन होता आणि नातवाचं भाषण होतं. विषय आवडता खेळाडू, म्हणजे धोनी. 2025 च्या जूनमध्ये धोनी आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, हे पोरानं भाषणात ठणकावून सांगितलं आणि घरी येऊन तेच आजोबांना ऐकवलं. काकांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, “वाडेकर हाय का त्याच्यात?”

“नाही.”

“मंग ते यादी चुलीत घाल.”

इथवर ठीक होतं. पोरगा म्हणाला, आजोबा, वाडेकरांचं कसोटीत शतक एकच. आकडा खोटा नाही. पण 1971 साली रेडिओला कान लावून बसलेल्या माणसाला हे सांगायचं नसतं. त्या एका वर्षात वाडेकरांच्या संघानं आधी वेस्ट इंडिजमध्ये जाऊन मालिका जिंकली, मग इंग्लंडमध्ये जाऊन. त्याच संघातले गावसकर आणि बेदी 2009 मध्ये पहिल्याच खेपेला त्या हॉलमध्ये बसले, कपिल देवही बसला, आणि कप्तान दाराबाहेर! काकांचा आवाज चढला. “बरं, वाडेकर राहू दे. विजय हजारे हाय का?”

पोरगा गोंधळला. म्हणाला, “ते तर टुर्नामेंट आहे ना?”

“तवापासून बोलनं बंद,” काकू म्हणाल्या. “आता तुमीच सांगा, पोट्ट्याचं काय चुकलं?”

काहीच नाही चुकलं. 2025 च्या जानेवारीत आपला विदर्भ पहिल्यांदा विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात गेला, कर्नाटककडून हरला, तेव्हा याच पोरानं पाटणी चौकापर्यंत सगळ्यांना स्कोअर पुरवला होता. तेव्हा विदर्भाकडून खेळणारा करुण नायर त्याला पाठ. पण ज्यांच्या नावाचा करंडक, ते सांगलीचे हजारे, 1948 मध्ये अॅडलेडला एकाच कसोटीत दोन शतकं काढणारे आणि 1952 मध्ये मद्रासला भारताला पहिली कसोटी जिंकून देणारे कप्तान, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. माझ्यासारख्या शिक्षकांनीसुद्धा नाही. यादीत नाव असतं तरी त्याला कळलं असतं असं काही नाही म्हणा.

“पन तो हॉल हाय कुठं? आपुन मुंबईले गेलो तं पाहाले भेटते का?”

मी सांगितलं, काकू, तिकीट काढून आत जावं असा हॉल नाही तो. नाव जाहीर करतात, मैदानावर सत्कार करतात आणि एक टोपी देतात.

“म्हंजे टोपीच घातली म्हना की!”

काकूंच्या मते हॉल असावा तर पोहरादेवीसारखा. 2024 च्या ऑक्टोबरात तिथं पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा समाजाच्या वारशाचं संग्रहालय उघडलं, ते नगाऱ्याच्या आकाराचं. माणूस सेवालाल महाराजांच्या दर्शनाला येतो, पोराबाळांना आत नेतो, पाहतो, बोट दाखवून सांगतो. “त्याले म्हंतात पाहनं. नुसती टोपी घेऊन मी काय करू?”

मी म्हटलं, विनू मंकडांना तर ती टोपीसुद्धा घालता आली नाही. ते 1978 ला गेले आणि त्यांचं नाव आलं 2021 मध्ये. पैलवान खाशाबा जाधवांचंही तेच. 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथं जायला पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं. 1984 ला खाशाबा अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. आता त्यांच्या जन्मदिवशीच आपण क्रीडा दिन करतो, आणि त्या दिवशी पोरं भाषण करतात धोनीवर.

काकूंचं लक्ष घरावर अडकलं होतं. “प्राचार्यानं घर गहान टाकलं? अन् बायको काही बोलली नाही?”

हे मात्र कुठल्या पुस्तकात माझ्या वाचनात आलेलं नाही.

“बायांचं काय त्या हॉलात? हाय का कोनी, का नुसते गडीच?”

आहे ना, डायना एडलजी. पण त्यांना आत घ्यायला 2023 उजाडावं लागलं, पुढच्या वर्षी नीतू डेव्हिड. एडलजी म्हणजे भारी बाई. 1986 मध्ये संघ घेऊन इंग्लंडला गेल्या आणि लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये बाई म्हणून त्यांना सोडलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे लॉर्ड्सवाल्या क्लबचं नाव बदलून पुरुषी अहंकारावरून ठेवा, असा टोला हाणला. हे ऐकून काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली. “या बाईले पयल्याच वर्षी घ्याले पायजे होतं!”

तेवढ्यात काका बाहेर आले. अबोला नातवाशी होता, आमच्याशी नव्हता. त्यांना म्हटलं, काका, वाडेकरांच्या नावाचा स्टँड झाला की वानखेडेवर, 2025 च्या मे महिन्यात. रोहित शर्माच्याही नावाचा त्याच दिवशी झाला. काका खूश झाले, आणि मग त्यांनी वानखेडेचीच गोष्ट काढली. शेषराव वानखेडे आपल्या नागपूरकडचे, विधानसभेचे अध्यक्ष होते. मुंबईच्या क्रिकेट संघटनेचं आणि ब्रेबॉर्न स्टेडियमवाल्या क्लबचं तिकिटांवरून वाजलं, क्लबच्या बाजूनं होते विजय मर्चंट. वानखेडेंनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं केलं, वर्ष-सव्वा वर्षात, आणि 1975 च्या जानेवारीत क्लाइव्ह लॉइडनं तिथं 242 ठोकल्या. “अन् गंमत पाहा,” काका म्हणाले, “त्याच वानखेडेवर एक स्टँड मर्चंटच्या नावाचा हाय. भांडन ज्याच्याशी, नाव त्याचंच!”

माझं म्हणणं विचाराल तर मला हा स्टँडच बरा वाटतो. तिकिटावर छापून येतो, माणसं त्यात बसतात, बाजूच्याला विचारतात हा मर्चंट कोण. आयसीसीच्या यादीकडे कोणी वाचायला म्हणून जात नाही, कोण राहिला ते शोधून भांडायला जातात. त्या भांडणापुरती ती उपयोगाची आहे, आणि काकांना पन्नास वर्षांमागचा कप्तान पुन्हा बाहेर काढायला निमित्त मिळालं, हे काही कमी नाही.

अमेरिकेत तर या भांडणाचा जत्रेसारखा थाट असतो. बेसबॉलचा त्यांचा हॉल कूपर्सटाउन नावाच्या लहान गावात आहे, 1939 पासून, आणि खराखुरा आहे, भिंतीवर चेहऱ्यांच्या ब्राँझच्या पाट्या असलेला. जुने क्रीडापत्रकार मतदान करतात, शंभरातली पंचाहत्तर मतं पडली तरच प्रवेश. 2025 मध्ये इचिरो सुझुकी या जपानी खेळाडूला 394 पैकी 393 मतं पडली. एक मत गेलं.

काकू एकदम सरसावल्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मुरलेलं माहेर त्यांचं. “एक? कोनाचं गेलं?”

ते गुपितच राहिलं. इचिरो म्हणाला, त्या माणसानं माझ्या घरी यावं, आपण एकेक पेला घेऊ. कोणी आलं नाही. मग उन्हाळ्यात सत्काराच्या भाषणात त्यानं जाहीर केलं, आमंत्रणाची मुदत संपली!

काका पोट धरून हसले. आतून नातवाचाही हसण्याचा आवाज आला, म्हणजे पोरगं दारामागून सगळं ऐकत होतं. काकांनी न वळता विचारलं, “काय रे, हजारेनं अॅडलेडले कोनाच्या बॉलिंगवर मारलं, मोबाइलात पाहून सांगशील?” पोरगा मोबाइल घेऊन बाहेर आला आणि दोघं पायरीवर बसले. लिंडवॉल, मिलर अशी नावं कानावर यायला लागली.

काकू मात्र त्या एका मतातच अडकल्या होत्या. सोल्यांचं ताट माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “आपल्या कॉलनीत असा हॉल काढला ना, तं त्या कोपऱ्यावरच्या बाईले समदे मत देतील. गोडबोली हाय. मी नाही देनार.”

“का हो?”

“मांगच्या वर्षी माह्या पापडाचं पीठ नेलं, अजून परत देलं नाही. अन् तुमी सांगू नका हं कोनाले, कोनं नाही देलं ते!”