चौथ्या मजल्यावरची फुसफुस

अहो, ऐकलंत का? चौथ्या मजल्यावर रात्रभर जे वाहत होतं ना, ते पाणी नव्हतंच मुळी! या अशा इकडे, ग्रीलजवळ या. आपल्या पंतनगरात भिंती पापडासारख्या, उगाच कुणाच्या कानावर जायचं.

नाव नाही घेत हं मी कुणाचं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तुम्हाला ठाऊकच आहेत. रात्री अकरा वाजले की त्यांच्या डोक्यावर स्स्स... सुरू, ते पहाटेपर्यंत. आधी वाटलं फ्लशची टाकी गळतेय. मग म्हणायला लागल्या, वरचे नळ उघडा टाकून झोपतात. आणि पाण्याची एवढी बोंब असताना... थांबा, हे विमान जाऊ दे. घाटकोपर म्हणजे काय, विमानतळाचं अंगणच! हं, गेलं. तर काय सांगत होते, वहिनींनी सेक्रेटरींना गाठलं, त्यांनी प्लंबर आणला, प्लंबरनं बॉलकॉक बदलला, आठशे रुपये खिशात घातले आणि रात्री पुन्हा स्स्स!

मग परवा रात्री साडेबाराला वरात निघाली. पुढे वहिनी, मध्ये सेक्रेटरी, मागे टॉर्च घेऊन वॉचमन. दार उघडलं चौथ्यावरच्या सूनबाईनं, तोंडावर बोट ठेवूनच. आत पाळण्याच्या दांडीला टेकवलेला एक पांढरा डबा, असा शेवयांच्या डब्याएवढा, वर चहाच्या गाळणीसारखी जाळी. त्यातून येत होता तो आवाज! सूनबाई हळूच म्हणाली, "काकू, व्हाइट नॉइज मशीन आहे. बाळाच्या झोपेसाठी." वहिनींचा चेहरा असा उतरला म्हणता... सेक्रेटरी उगाच छताकडे बघायला लागले, ओल दिसतेय का म्हणून. वॉचमन तेवढा म्हणाला, "मॅडम, ऐसा तो मेरा टेबल फॅन भी करता है."

सासूबाईंनी तर संधीच साधली. "आम्ही अंगाई म्हणायचो, या नळ ऐकवतात!" पण सूनबाई काही कमी नाही हो. म्हणाली, "आई, तुमच्या अंगाईनं बाळ झोपतं, पण समोर ब्रेकर लागला की दचकून उठतं, त्याचं काय?" आता हे खोटं आहे का? समोरची बिल्डिंग पाडायला घेतल्यापासून आपल्या तरी डोळ्याला डोळा लागलाय का? ती म्हणते, झोप आवाजानं मोडत नाही, आवाज एकदम बदलला की मोडते. हे मशीन जाडे-बारीक सगळे स्वर एकाच जोरानं, एकत्र सोडत राहतं, मग हॉर्नबिर्न त्यात बुडून जातात. धो धो पावसात शेजारचं भांडण नीट ऐकू येत नाही ना, तसंच. (केवढं नुकसान होतं आपलं!) लंडनच्या डॉक्टरांनी म्हणे १९९० मध्ये तान्ह्या बाळांवर करून बघितलं. आवाज लावला त्या २० पैकी १६ बाळं पाच मिनिटांत गाढ, आणि नाही लावला त्या २० पैकी पाचच.

आणि हे मशीन निघालं कसं, माहितीये? अमेरिकेतल्या एका बायकोला मोटेलमध्ये एसीच्या घरघरीशिवाय झोप येईना. तर नवऱ्यानं, बकवॉल्टर आडनाव त्याचं, १९६२ साली घरीच पंखा बसवून घरघरणारा डबा करून दिला. नाहीतर आमचे हे! मिक्सरचा खटका दुरुस्त करून द्या म्हणून दिवाळीपासून सांगतेय...

तर काय सांगत होते? हां, खरी गंमत पुढेच. सूनबाईची बहीण लहान मुलांची डॉक्टर. ती दुसऱ्या दिवशी आली आणि डबा पाळण्याला टेकलेला बघून तिचाच चेहरा पडला! म्हणाली, टोरांटोच्या डॉक्टरांनी बाळांची अशी १४ मशीनं तपासली, २०१४ मध्ये छापून आलंय. एका फुटावरून, आवाज फुल केल्यावर, सगळी ५० डेसिबलच्या वर, आणि तीन तर ८५ च्याही वर. ८५ म्हणजे किती? मागे मुंबई पोलिसांनी सिग्नलला मीटर लावले होते, आठवतं? हॉर्नचा गोंगाट ८५ च्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून! तेवढा आवाज बाळाच्या कानाशी? डबा लगेच खोलीच्या पार त्या टोकाला गेला, आवाज हळू, आणि बाळ झोपलं की बंद.

आमचं म्हणाल तर आम्हाला डबा नको, आम्हाला रेल्वे पुरते. गणपतीत कणकवलीला गेलो होतो, तर हे रात्रभर टक्क जागे. "शेवटची कर्जत गेली की नाही, कळतच नाही गं," म्हणे!

बरं, सेक्रेटरी गप्प बसतील तर शपथ. रजिस्टर घेऊन वर गेले आणि वाचून दाखवलं, २००० सालचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा राहत्या वस्तीत ४५ डेसिबलची मर्यादा. सूनबाई शांतपणे म्हणाली, "काका, हाच कागद समोरच्या बिल्डरला द्या ना." रजिस्टर मिटलं हो! कोपऱ्यातून तिचे सासरे बोलले, ते कधी बोलत नाहीत बिचारे. म्हणाले, "डॉ. यशवंत ओक १९८५ मध्ये आवाजाविरुद्ध हायकोर्टात गेले होते. आणि आपण डबा विकत आणून दार लावून बसतो." सगळे चिडीचूप.

आणि हे कुणाला सांगू नका, काल दुपारी कुरिअरवाला आला होता. चौथ्यावर नाही हो, तिसऱ्यावर! खोकं शेवयांच्या डब्याएवढंच. वहिनींनी दार अर्धंच उघडलं, पण मी जिन्यातच होते.

असू दे, झोप सगळ्यांनाच हवी. पण सासऱ्यांचं खरं आहे, डब्यानं ब्रेकर थांबत नाही, फक्त ऐकू येत नाही. म्हणून अर्ज लिहिलाय, बावीस सह्या झाल्यात, वहिनींची पहिली. हे घ्या पेन, तुमची करा. आणि आज रात्री दहानंतर ब्रेकर लागला तर मला उठवू नका, सरळ ११२ फिरवा.