पंचावन्न मिनिटांचा संयम

डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात : दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, शिवाय ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. आमच्या सोसायटीतल्या काकांनी त्यातले ५५ तेवढे मनावर घेतले. पूर्वी दहा मिनिटांत ताटावरून उठणारा हा माणूस आता मोबाइलवर गजर लावून जेवायला बसतो. बावन्नाव्या मिनिटाला काकू विचारतात, ‘‘अहो, भात?’’ काका मोबाइलकडे बघतात. ‘‘वाढ. तीन मिनिटं आहेत अजून. आणि तुपाला हात आखडू नकोस, पुढे सात तास काही नाही.’’ चालायचंही ठरलंय म्हणे. पण इतकं जेवल्यावर चालवत नाही. रक्तातली साखर तपासायला जाणारच होते, तर लॅब नेमकी जेवणाच्या वेळेतच उघडी!