सनदवाचनाचा जाहीर कार्यक्रम

मला मोडी येते ही अफवा मीच उठवली. बारा दिवसांच्या वर्गानंतर मला प्रथम श्रेणीचं प्रमाणपत्र मिळालं. ते वर्गातल्या सगळ्यांनाच मिळालं. एक काकू तर घरचा पंखा बिघडला होता म्हणून यायच्या, त्यांनाही मिळालं. पण माझं मी चौकट करून दिवाणखान्यात लावलं, चहा पिणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर. अशाच एका चहा पिणाऱ्याने ते गावाकडच्या मेहुण्याच्या कानावर घातलं, आणि एके दिवशी पारनेर तालुक्यातून एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला.

गुरुजी गावात इतिहास मंडळ चालवतात. ते स्वतः, एक निवृत्त तलाठी, एक किराणा दुकानदार आणि कॉलेजात जाणारी दोन पोरं, एवढंच मंडळ. महिन्यातून एकदा पारावर कार्यक्रम. कधी बारवेतला गाळ काढायचा, कधी म्हाताऱ्यांना बोलतं करून बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी लिहून घ्यायच्या. या खेपेला ज्याने त्याने घरातली जुनी वस्तू आणून तिची हकीकत सांगायची होती. "एका घरात पेशव्यांची सनद आहे," गुरुजी म्हणाले. "आपण वाचून दाखवावी. गावात मोडी कोणालाच येत नाही." हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

निघोज तिथून जवळ. कुकडीच्या पात्रात पाण्याने गोटे गरगरा फिरवून काळ्या कातळात कोरलेले रांजणखळगे मला केव्हाचे पाहायचे होते. सकाळी सनद, दुपारी खळगे, असा बेत ठरला.

शिरूर सोडल्यावर एसटीत मोडीची उजळणी काढली आणि दुसऱ्या पानावर झोपलो. जाग आली तेव्हा फाटा बराच मागे पडला होता. उलटं अंतर दुधाच्या पिकअपमध्ये, रिकाम्या कॅनांच्या मधे बसून कापलं. खास पांढरा झब्बा घालून गेलो होतो. उतरलो तेव्हा मला सायीचा वास येत होता, आणि गावातली दोन मांजरं शेवटपर्यंत माझ्या मागे होती.

मारुतीच्या देवळामागे मंडळाने पाच वीरगळ उभे केलेत. त्यातला एक पूर्वी विहिरीवर धुणं आपटायला होता, त्यामुळे खालच्या चौकटीतली लढाई पार धुऊन गेली आहे आणि तो वीर काही न करताच अप्सरांबरोबर स्वर्गाला निघालेला दिसतो. मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

पारावर मांडव, शाल, श्रीफळ, आणि माईकवर "हॅलो, हॅलो". एकाने समई आणली होती, एकाने पानिपतावरून परत आलेला अडकित्ता. मग आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, बरोबर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत लाल फडकं, फडक्यात कागद. पुढच्या दोन रांगा त्यांच्या भावकीने भरल्या होत्या. डावीकडे थोरली पाती, उजवीकडे धाकटी. सनदेवर खरा हक्क कोणाचा, यावरून दोन्ही पात्या वीस वर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, असं दुकानदाराने माझ्या कानात सांगितलं. तेही मी माईकसमोर उभा राहिल्यावर.

"वाचा पाव्हणं," आजी म्हणाल्या. "माझ्या सासऱ्याच्या आज्याला पेशव्यानं दिल्याली हाय. दर दसऱ्याला पुजतो."

ते दिसतच होतं. अर्धी अक्षरं कुंकवाखाली होती. एक कड जळलेली. इंग्रजांनी वाडा जाळला तेव्हाची, असं कळलं. खाली शाईने काढलेली, जरा वाकडी अशी राजमुद्रा. आणि सगळ्यात वर, ठशातलं एका बाईचं डोकं.

"अहिल्याबाई," आजींनी सांगितलं.

चौंडी याच जिल्ह्यातली, आणि जिल्ह्याचं नावही आता अहिल्यानगर, तेव्हा गावाची समजूत स्वाभाविक होती. पेशव्यांच्या सनदेवर होळकरांचं काय काम, हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डोक्यावर मुकुट, केस मागे बांधलेले, आणि कोणालाही जहागीर द्यायची नाही असा चेहऱ्यावर निर्धार. ती व्हिक्टोरिया राणी होती. माझ्या हातात मुद्रांकाचा कागद होता.

मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. दोन शब्दांत जागा नाही, वेलांटी एकच, उकार एकच. लिहिणाऱ्याला हात उचलावा लागू नये म्हणून घडलेली ही लिपी वाचणाऱ्याला मात्र हात टेकायला लावते. पहिली ओळ मी खोकण्यात घालवली. दुसरीत 'रुपये' सापडले, पुढे 'पन्नास', पुढे 'व्याज'. मी अडलो की पहिल्या रांगेतले निवृत्त तलाठी ओठ हलवायचे, आणि मग मला तोच शब्द दिसायचा. 'बैल' मी असाच वाचला. 'विहिरीवरील शेत'ही असंच. त्या वेळी मला ते माझं प्रावीण्य वाटलं.

"ही सनद नाही," मी शेवटी म्हणालो. आवाज सायीसारखा पातळ निघाला. "कर्जरोखा आहे. सन १८७४चा. पन्नास रुपयांना बैलजोडी आणि शेत गहाण."

इतकी शांतता झाली की मांजरंसुद्धा थांबली. मग धाकट्या पातीतून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे थोरल्यांनी कर्ज पुजलं व्हय इतकी वर्सं!" आणि थोरली पाती उभी राहिली. मी श्रीफळ हातात घट्ट धरलं. फोडायला नव्हे, ढालीसारखं.

तेवढ्यात गुरुजींनी माईक घेतला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तोवर इथल्या कापसाला भाव होता आणि सावकार सढळ हाताने कर्ज देत होता; १८६५ साली लढाई संपली, भाव उतरला, आणि सरकारने सारा मात्र वाढवला. शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने १८७४च्या डिसेंबरात सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५, सुप्याचा बाजार: कुणब्यांनी सावकारांची घरं फोडून चोपड्या आणि रोखे बाहेर काढून जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, पारनेरपर्यंत आलं. सरकारला आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

"सुपं म्हणजे आपलं ना?" मागून कोणीतरी विचारलं. पारनेर तालुक्यातही एक सुपे आहे. गुरुजी म्हणाले, नाही, भीमथडीतलं, आता बारामती तालुक्यात आहे ते. हे गावाला अजिबात आवडलं नाही. पुढची दहा मिनिटं बारामतीला काय काय मिळतं यावर गेली, आणि तेवढ्यात थोरली पाती आपोआप खाली बसली.

"फिटलेल्या रोख्यावर सावकार 'भरून पावलो' लिहून देतो," तलाठी आप्पा सावकाश म्हणाले. "इथं तसं काही नाही. आणि कड जळलेली आहे."

आजी थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "म्हंजी त्यांनी ह्यो जाळातून काढला?"

"नक्की नाही सांगता येणार," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं हे पहिलं प्रामाणिक वाक्य.

"आन् ही मुद्रा?"

मी खाली पाहिलं. वाकडी राजमुद्रा म्हणजे नांगर होता. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी करायचा. "ही तुमच्या सासऱ्यांच्या आजोबांनी काढली असणार," मी म्हणालो. "त्यांच्या हातची."

आजींनी त्या नांगरावर बोट ठेवलं. फाळाकडून रुमण्याकडे, रेघेवरून सावकाश. डाव्या-उजव्या दोन्ही पात्यांतली माणसं उठून त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली, आणि मला कोणी विचारेना.

मग जेवण. मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी. तिसऱ्या वाटीला गुरुजी म्हणाले, "आप्पांनी तो मार्चमध्येच वाचला होता."

माझा घास हातातच राहिला. "मग मला कशाला बोलावलंत?"

"गावातल्या माणसाने सांगितलं असतं तर दोन्ही पात्यांशी बोलणं बंद. तुम्ही काय, सहाच्या गाडीनं जाणार."

मला खरोखरच राग आला. झब्बा, पिकअप, हुकलेले रांजणखळगे, सगळं डोळ्यांपुढे आलं. "मी बरं तरी वाचलं का?" मी तोऱ्यात विचारलं.

"उत्तम," आप्पा म्हणाले. "एक ओळ सोडली तर."

"कुठली?"

"पहिली."

फाट्यावर गाडीची वाट बघत उभा होतो, तर आजी नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी पन्नासची नोट काढली.

"असू द्या आजी, मानधन नको."

"तुमाला न्हाय," त्या म्हणाल्या. "फिटलं न्हाय म्हनालात ना. पुण्याला जाताय, तिकडं त्या सावकाराच्या घरचं कोनी भेटलं, तर द्या. व्याज म्हनावं माफ करा."

गाडीत कंडक्टरने माझी पाचशेची नोट उलटसुलट करून पाहिली. "पन्नास सुट्टे आहेत का?"

नाहीत, म्हणालो.