मिक्सिंगवाला झाला सर्टिफाइड

नीती आयोगाने 2018 मध्ये देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून चार नावं निघाली. गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि आपलं वाशीम. आकांक्षा नेमकी कशाची धरायची, याचा खुलासा गावापर्यंत काही पोचला नाही. मग आमचं आम्हीच ठरवून टाकलं. आकांक्षा प्रमाणपत्राची.

सोयाबीनला भाव मिळो न मिळो, घरात लॅमिनेशन केलेल्या कागदांची फाईल पाहिजे. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कुठल्याही घरात ही फाईल कपाटात देवाच्या पोथीशेजारी सापडेल. तळाशी टायपिंग, मराठी 30 आणि इंग्रजी 40. त्यावर डी.एड. त्यावर एमएस-सीआयटी, टॅली, डीटीपी. आणि सगळ्यात वर, अजून प्लास्टिकचा वास येणारं, ताजं ताजं 'सर्टिफिकेट इन व्हिडिओ एडिटिंग'.

एमएस-सीआयटीची आठवण काढली की अजून कित्येक गुरुजींच्या पोटात गोळा येतो. शासनाने 31 डिसेंबर 2007 ही तारीख दिली होती. तोवर पास व्हा, नाहीतर वेतनवाढ विसरा. पन्नाशी ओलांडलेले मुख्याध्यापक सायकली काढून तालुक्याला निघाले, पेंटमध्ये झोपडी काढून तिच्यामागे सूर्य उगवून आले, आणि शाळेत परतल्यावर कॉम्प्युटर चालू करायला पाचवीतल्या पोराला हाक मारू लागले. जे राहिले त्यांच्या पगारातून पुढे वसुली निघाली. प्रमाणपत्र कशासाठी असतं, हे त्या पिढीला एकदम नीट समजलं. ते पगार वाचवण्यासाठी असतं. ज्यांना पगारच नाही अशा पोरांनी ते का घ्यायचं, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही आणि आताही विचारत नाही.

आता कोर्स कसा असतो ते सांगतो. कोण्या एका संस्थेचा म्हणून नाही, सगळ्यांचा मिळून.

खाली मोबाईलचं दुकान, बाजूने अरुंद जिना, वर क्लास. जिन्यात चपलांचा ढीग. खोलीत दहा कॉम्प्युटर, त्यातले सहा चालू, आणि बंद चारांचे माउस चालू सहांना जोडलेले. सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं, महिन्याच्या महिन्याला पैसे मागणारं, म्हणून क्रॅक केलेलं. कोर्सचा पहिला नियम सर स्वतः सांगतात, "नेट लावू नका रे, सॉफ्टवेअरले समजते." म्हणजे सुरी चोरीची, कापायचं नेट बंद करून, आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र मात्र अस्सल, होलोग्रामसकट.

सर मागच्या बॅचचे विद्यार्थी. ते वहीत उतरवून देतात. 'सी' दाबलं की कट. 'व्ही' दाबलं की सिलेक्शन. कंट्रोल-झेड दाबलं की झालं गेलं माफ. सरावाला फुटेज कंपनीसोबत आलेलं असतं. बर्फावरून घसरणारे गोरे लोक, समुद्रकिनारा, बोर्डावर उभी राहून लाटेवर स्वार झालेली बाई. ज्या पोराने एकबुर्जी धरणापलीकडे पाणी पाहिलेलं नाही, तो महिनाभर लाटा कापत बसतो. मध्येच लाईन जाते. सेव्ह केलेलं नसतं. कंट्रोल-झेडचा उपयोग लाईनीवर होत नाही, हे मात्र अभ्यासक्रमात नसतानाही सगळ्यांना पक्कं पाठ होतं.

परीक्षा वस्तुनिष्ठ. चार पर्यायांतून एक. कट करायच्या टूलचं नाव काय, एका सेकंदात किती फ्रेम, फाईल बाहेर काढायला कुठलं बटण. एकाही उमेदवाराला परीक्षेत एकही शॉट कापावा लागत नाही. पोहण्याची परीक्षा विहिरीची खोली विचारून घ्यावी, तसलाच हा मामला. नापास कोणी होत नाही. नापास झालेला पोरगा आपल्या आतेभावाला पुढच्या बॅचला आणत नाही, एवढं अर्थशास्त्र संस्थाचालकाला कळतं.

मग हा सर्टिफाइड गडी मिक्सिंगवाल्याकडे जातो.

मिक्सिंगवाला म्हणजे तालुक्याचा खरा संकलक. नाव पडलं व्हीएचएस कॅसेटच्या काळात. तेव्हा खांद्यावर पॅनासोनिकचा धूड कॅमेरा, मागे हॅलोजन उंच धरून घामाघूम झालेला पोरगा, आणि रात्री दुकानात दोन व्हीसीआरच्या मधोमध मिक्सर. नवरीचा चेहरा बदामात फिरवायचा, बदाम गुलाबात विरघळवायचा, गुलाबातून नवरदेव काढायचा. कॅसेट गेली, सीडी आली आणि गेली, आता पेन ड्राईव्हवर एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरचे तयार प्रोजेक्ट विकत मिळतात. त्यात फक्त नाव बदलायचं. कधी बदलायचं राहतं, आणि मंगरुळपीरच्या लग्नात शेवटी सुरतेच्या जोडप्याला शुभाशीर्वाद मिळतात. तरी दुकानाला सगळे म्हणतात मिक्सिंगच.

त्याच्यापुढे आपला पोरगा प्रमाणपत्र ठेवतो. मिक्सिंगवाला ते उलटून मागची बाजूही बघतो. मागे काही नसतं.

"शिकून आला न बाप्पा? मंग हे घे. सारं फुटेज हाय. आहेर बसव."

पोरगा खूष. सरांनी सांगितलं होतं की प्रेक्षकाला कंटाळा आला की संपलं, म्हणून कापा, वेगात जाऊ द्या. तो दोन तासांचा आहेर चाळीस सेकंदांत बसवतो, वर तबल्याचा तुकडा टाकतो. काम एकदम सिनेमासारखं. तिसऱ्या दिवशी नवरीचे बाप दुकानात.

"आमच्या मोठ्या मामाचा आहेर कुठी गेला?"

"काका, तो मोंताजमध्ये आहे. एक सेकंद दिसते."

"मले मोंताज नोको सांगू. त्यानं पितळीची घागर देल्ली होती. दिवाळीनंतर त्याच्या पोरीचं लगन हाय. आपुन काय न्याव, हे मले कसं समजन?"

इथे जगभरच्या संकलनशास्त्राने हात टेकावेत. लग्नाचा व्हिडिओ ही आमच्याकडे आठवण वगैरे नंतर आहे, आधी ती खतावणी आहे. कोण आला, काय घेऊन आला, किती वेळ थांबला, जेवला की रुसून परत गेला, सगळ्याची नोंद त्यात. म्हणून इथे एडिटिंगचा पहिला धडा कापण्याचा नाहीच. कोणाला कापायचं नाही, हा आहे. थोरल्या जावयाला कापायचं नाही. सरपंचाला कापायचं नाही, माजी सरपंचालाही नाही, आणि दोघांना सारखीच सेकंदं द्यायची. वावराच्या धुऱ्यावरून बोलणं बंद असलेले दोन भाऊ एका फ्रेममध्ये आले तर ती फ्रेम मात्र उडवायची. लग्न झाल्यावर महिन्याभरात जी आजी गेली, तिचा अक्षता टाकतानाचा शॉट कोणी सांगायच्या आधी थोडा लांबवायचा, तिथे बदाम फिरवायचा नाही आणि गुलाबही नाही. हे मिक्सिंगवाला कुठे शिकला? गावात राहून. यावर चार पर्यायांचा प्रश्न अजून कोणी काढलेला नाही.

तसं तर 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला मुंबईत लागला, तेव्हा त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या सरस्वतीबाई फाळके यांच्याकडे तरी कुठे प्रमाणपत्र होतं? फिल्मला कडेने भोकं पाडणं, ती धुणं, जोडणं, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक, हे काम त्या माउलीने केलं. आज आल्या असत्या तर ऑनलाइन फॉर्मच्या 'शैक्षणिक अर्हता' या रकान्यातच त्यांचा अर्ज बाद झाला असता. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये संकलन शिकायला पोरं काही वर्षं घालतात. आपल्याकडे महिना-दीड महिना पुरतो, कारण उरलेला वेळ ते लोक सिनेमे पाहण्यात घालवतात आणि आपल्याकडे तेवढी फुरसत नाही.

आणखी एक गंमत. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीचं डाविंची रिझॉल्व्ह नावाचं सॉफ्टवेअर आहे. मोठमोठे सिनेमे त्यावर रंगवले जातात. त्याची साधी आवृत्ती फुकट. शिकायची पुस्तकं कंपनीच्याच संकेतस्थळावर फुकट. चोरायची गरज नाही, नेट बंद करायची गरज नाही. हे मी एका पालकाला सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. म्हणाले, "फुकट हाय म्हन्ते, तं मंग त्याले किंमत काय राहन?" मुद्दा बिनतोड होता. ज्या शिक्षणासाठी बैल विकला नाही, ते शिक्षण आमच्याकडे शिक्षणात धरत नाहीत.

सरकारचंही तेच मत दिसतं, फक्त बैल सरकारी. 19 ऑक्टोबर 2023 ला महाराष्ट्रात प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. 511 केंद्रं, 34 जिल्हे, एक दिवस, एक बटण. एवढी मोठी टाइमलाईन एका झटक्यात एक्स्पोर्ट करणं प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरलाही जमलेलं नाही. त्यानंतर 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या नावाने युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना 6 हजार, आयटीआय-पदविकेला 8, पदवीधराला 10. मुदत संपली की प्रमाणपत्र. पोरांनी प्रमाणपत्र घेतलं, घडी घातली, आणि 'आम्हाला कायम करा' म्हणून मोर्चा काढला. मोर्चाचं शूटिंग कोणी केलं असेल, ते सांगायला नको.

कारण काम अगदीच नाही असं नाही. जिल्ह्यात व्हिडिओ एडिटरला सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे राजकारण. प्रत्येक भाऊंना, दादांना आणि भावी भाऊंना रील पाहिजे. रीलचा साचा ठरलेला. पांढरी गाडी, दार उघडतं, आधी बूट, मग गॉगल, सगळं स्लो मोशनमध्ये, मागे ढोल. समृद्धी महामार्ग मालेगाव, शेलूबाजार, कारंजावरून गेल्यापासून पार्श्वभूमीचीही सोय झाली. जमीन कोणाची गेली, मोबदला कोणाला किती मिळाला, ते सोडा. रीलला रस्ता उत्तम. एडिटर रात्रभर जागतो, भाऊंच्या वाढदिवसाला सकाळी सहाच्या आत व्हिडिओ सोडतो. मोबदला म्हणून ढाब्यावर जेवण आणि खांद्यावर हात. "तुझं पाहून घेतो रे." हा हात मात्र त्याला कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये कट करता येत नाही.

काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, ही परंपरा आपल्याकडे बरीच जुनी आहे. वाशीम तेव्हा वत्सगुल्म होतं आणि वाकाटकांची राजधानी होती. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्याने अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं खोदवून घेतलं आणि शिलालेखात आपलं नाव घातलं. भिंतींवर चित्रं काढणाऱ्यांची नावं त्यात नाहीत. दीड हजार वर्षांत फरक पडला तो इतकाच, की आता मंत्री व्हायच्या आधीच नाव घालतात. आणि चित्र काढणाऱ्याकडे प्रमाणपत्र असतं.

तर मायबापहो, एक विनंती. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि प्रत्येक तालुक्यात मिक्सिंगवाल्याला हाताखाली माणूस पाहिजे असतो. पोराला शिकायचंच असेल तर आधी एक मोसम तिथे बसवा. हॅलोजन धरू द्या, दोन घरचे आहेर बसवू द्या, नवरीच्या बापाच्या चार शिव्या खाऊ द्या. तेवढं करूनही तो टिकला आणि कोर्स करायचाच म्हणाला, तर फी उन्हाळ्यातही भरता येते. संस्था तेव्हा जागेवर असेल तर प्रवेश घ्या. नसेल तर फी वाचली.