बरणीवाले काका

पनवेलमध्ये वडाळे तलावाच्या काठापासून खांदा कॉलनीपर्यंत कुठल्याही सोसायटीत डोकावा, एक तरी बरणीवाले काका सापडतातच. खूण सोपी आहे. त्यांच्या घरी हात धुवायला गेलेला पाहुणा बेसिनपाशी जरा जास्तच रेंगाळतो, कारण साबण नेमका कुठून येणार हे त्याला उमगत नाही. समोर स्वामला च्यवनप्राशाची रिकामी बरणी असते. १८७२ पासून पनवेलात असलेल्या धूतपापेश्वर या आयुर्वेदिक औषध कंपनीचीच, म्हणजे गावचीच. तिच्या झाकणातून भलत्याच बाटलीचा पंप वर आलेला असतो आणि सांध्यावर एमसीलचा जाड लेप थापलेला असतो. हॉलमधून काकांची सूचना येते, "सरळ नका दाबू, जरा डावीकडे कलवून दाबा!" पाहुणा घरी जाऊन सांगतो, माणूस भला, पण फार चिकट. यातला दुसरा शब्द मला मान्य नाही. चिकट असलीच तर ती बरणी आहे, काका नव्हेत.

चिकटपणाचा आरोप टिकवायचा तर हिशेबात कुठे तरी बचत दिसायला हवी. ती दिसत नाही. हँडवॉशची भरलेली बाटली पंपासकट येते, आणि ती संपली की पुढे रिफिलची पिशवी आणायची, जी बाटलीहून स्वस्त पडते. म्हणजे ज्याला पैसे वाचवायचे आहेत त्याने पहिलीच बाटली वर्षानुवर्षे भरत राहावी. बरणीचा संबंध येतोच कुठे? पण काका त्या बाटलीचा पंप काढून बरणीला लावतात, मग पंप गेलेली बाटली रिकामी बसते, आणि तिला काम मिळावे म्हणून उरण नाक्याकडे नवा पंप शोधायला निघतात. मुळात हँडवॉशच्या धंद्याचा जीव पंपातच आहे. १९८० साली अमेरिकेत मिनेटोंका या लहान कंपनीने 'सॉफ्टसोप' हा पंपाचा साबण देशभर विकायला काढला, तेव्हा तिचा मालक रॉबर्ट टेलर याला धास्ती होती बड्या साबण कंपन्यांची. साबण कोणीही उकळील, बाटली कोणीही ओतील, हे ओळखून त्याने पंप बनवणाऱ्या दोन कारखान्यांकडे सुमारे दहा कोटी पंपांची मागणी नोंदवून टाकली. बाकीच्यांना पंपच मिळेनात. टेलरला जे कळले ते काकांनाही कळले आहे, फरक इतकाच की टेलरने त्यातून पैसे केले आणि काका त्यात पैसे घालतात. दाभण गॅसवर तापवून झाकणाला भोक पाडायचे, ते मोठे झाले म्हणून वॉशर आणायचा, वॉशर जाड निघाला म्हणून घासपेपर आणायचा. पंपाची नळी खाली तिरकीच कापली पाहिजे, सरळ कापली तर बुडाला चिकटून बसते आणि साबण चढत नाही. हे ज्ञान मात्र अस्सल आहे आणि ते काकांनी दोन पंप वाया घालवून कमावलेले असते.

बरणीच्या आतला माल हे तर वेगळेच प्रकरण. झिजून कागदाएवढ्या झालेल्या साबणाच्या वड्या काका वर्षभर साठवतात, काकूंच्या किसणीवर किसतात (त्या दिवशी घरात गाजराची कोशिंबीर होत नाही) आणि गरम पाण्यात विरघळवतात. पातेल्यात असताना ते छान पातळ दिसते. सकाळी पाहावे तर बरणीत घट्ट खरवस. यात काकांच्या हाताचा दोष नाही. वडीचा साबण सोडियमचा असतो आणि त्याचे दाट द्रावण थंड झाले की आळते. पातळ राहणारा खरा द्रवसाबण पोटॅशियमचा करतात. काका ते पुन्हा तापवून पाणी वाढवतात, आणि साबणाचे प्रमाण अखेर साडेबारा टक्क्यांवर येऊन थांबते. या भागात सिडकोच्या साडेबारा टक्के जमीन योजनेच्या कृपेने तो आकडा सगळ्यांच्या तोंडी आहेच. सुवासासाठी लिंबू पिळायची कल्पना सुचली तर आणखी पंचाईत, कारण आम्लाने साबण फाटतो, त्यातली मेदाम्ले मोकळी होऊन वर तरंगतात. एवढ्या उपद्व्यापातून जो साबण निघतो त्याला कंजूष माणसाचा साबण म्हणणे म्हणजे कंजूष माणसांचाही अपमान आहे.

काकांच्या बाजूने बोलणारे पर्यावरणाचा मुद्दा काढतात. राज्यात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हापासून काकांच्या छंदाला सरकारी आधार मिळाल्यासारखे झाले हे खरे. पण त्या बंदीचा रोख पिशव्या आणि एकदाच वापरून टाकायच्या वस्तूंवर होता. जाड बरणी भंगारवाला आनंदाने नेतो. एमसील थापलेली बरणी मात्र त्याच्याही कामाची राहत नाही. दुसरे म्हणतात, ही तर आपली जुनी रीत, डालड्याच्या डब्याने महाराष्ट्रात तुळशीपासून परसाकडपर्यंत काय काय सांभाळले! सांभाळले, पण तेव्हा दुसरा डबा नव्हता. काकांच्या माळ्यावर बावीस आहेत. तिसरा मुद्दा विरोधकांचा आणि तो गंभीर आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००२ साली रुग्णालयांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत बजावले आहे की अर्धवट रिकाम्या डिस्पेन्सरमध्ये वरून साबण ओतू नये, आत जंतू वाढतात. घरगुती पाणीदार साबणाला ही भीती लागू पडतेच. उपाय अवघड नाही: बरणी पूर्ण रिकामी करायची, धुवायची, सुकवायची आणि मगच भरायची. अडचण एवढीच की शेवटचे चार चमचे काकांच्याने टाकवत नाहीत. इथे मात्र मी काकांची बाजू घेणार नाही.

तरीही त्यांना चिकट न म्हणण्याचा सर्वांत मोठा पुरावा ढाक्याहून येतो. तिथल्या आयसीडीडीआरबी या संशोधन संस्थेने गरीब वस्त्यांत साबणपाण्याची बाटली वापरून पाहिली: दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर, बाटलीच्या झाकणाला भोक, संपले काम. पंप नाही, वॉशर नाही, एमसील नाही. जगातला सर्वांत स्वस्त डिस्पेन्सर हाच असावा. काकांना ही युक्ती सांगून पाहा. ते शांतपणे ऐकून घेतील आणि म्हणतील, "बरोबर आहे, पण त्यात करण्यासारखं काय आहे?" या एका प्रश्नात सगळी मेख आहे. बचत हवी असणारा माणूस हा प्रश्न विचारणारच नाही. काकांपैकी बरेच जण तळोजा एमआयडीसीत, पाताळगंगेला किंवा रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिकमध्ये आयुष्य घालवलेले. पंप, व्हॉल्व्ह, गॅस्केट यांची गळती थांबवणे हे त्यांचे काम होते आणि रात्रपाळीला त्यांच्यावाचून अडत होते. रसायनीचा तो कारखाना गुंडाळण्याचा निर्णय २०१७ साली दिल्लीत झाला. निवृत्ती, बंद, व्हीआरएस, कारण काहीही असो, कारखाना गेला आणि मेंटेनन्स खाते तेवढे घरी आले. घरात दुरुस्त करण्याजोगे फार थोडे असते. फ्रिजला हात लावू देत नाहीत, मोबाइल उघडता येत नाही, मिक्सरची वॉरंटी जाईल म्हणून सून घाबरते. उरते ती बरणी. तिला कोणाची हरकत नसते, ती बिघडली तर कोणाचे नुकसान नसते, आणि बिघडत तर ती नेहमीच असते, हाच तिचा मोठा गुण.

"मग बसू दे की त्यांना बरणी घेऊन," असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. उन्हाळ्यात देहरंग धरणाचा तळ दिसू लागला की पनवेलात टँकरच्या वाटेकडे डोळे लागतात, आणि त्याच दिवसांत कित्येक इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्या फ्लोट व्हॉल्व्ह बिघडल्याने वाहत असतात. व्हॉल्व्ह जाणणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर साबण किसत बसलेला असतो आणि कमिटी प्लंबरला फोन लावत असते. तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींना विनंती आहे की येत्या मीटिंगमध्ये टाकी आणि पंपरूमची देखरेख काकांकडे द्यावी, किल्ली रीतसर त्यांच्या हाती सोपवावी आणि ठरावात त्यांचे नाव लिहावे. मानधनाची काळजी नको, ते मागणार नाहीत. फक्त एमसीलच्या खर्चाला आधीच मर्यादा घालून ठेवा.