केंटकीचा न संपणारा सामना

अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन शहरात बास्केटबॉलचा हंगाम संपतो, सामना मात्र संपत नाही. केंटकी विद्यापीठाचा आजवरचा सर्वांत भारी संघ कोणता, हा तंटा तिथे वारसाहक्काने चालत आला आहे.

आजोबांच्या पिढीचं घोडं १९४८ वर अडलेलं. त्या संघातल्या मुख्य पाच जणांनी राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं आणि त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या अमेरिकी चमूतही ते पाचही होते. तेव्हा तीन गुणांची रेषाच नव्हती, असं कुणी म्हटलं की नेमकं त्याच वेळी आजोबांना कमी ऐकू येतं. वडील १९९६ चे: रिक पिटिनोंचा संघ, ३४ विजय, २ पराभव. नातू २०१२ चा: ३८ विजय, २ पराभव आणि हुकमाचा एक्का अँथनी डेव्हिस. अंतिम सामन्यात या एक्क्याच्या दहा मैदानी फेकींपैकी एकच आत पडली. तरी १६ रिबाउंड आणि ६ ब्लॉकच्या जोरावर मानकरी तोच!

खरी मौज हरलेल्यांची. सलग ३८ सामने जिंकून २०१५ चा संघ उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून ६४-७१ असा आपटला. कागदावर मात्र तो आजही अजिंक्य आहे. १९९२ चा संघ ड्यूककडून एका गुणाने हरला, तर त्यातल्या चौघांच्या जर्सी थेट छताला सन्मानाने टांगल्या गेल्या.

एवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी १९७८ च्या विजेत्यांचं नाव काढतं, आणि चेंडू पुन्हा मधोमध उडवला जातो.